जिनिंगचा सर्व्हर

माह्या क्लासमधला तो जुना सर्व्हर भंगारात जाता जाता राह्यला, हे सांगतलं काय तुम्हाले?

कापसाचे दिवस फिरले अन् दारव्ह्याची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढाचा कारखाना, बंद पडली. मालक म्हणे, "सर, युनिक्सची मशीन हाय, घेऊन जा, पोरायले शिकवा." मी टायपिंगचा मास्तर. युनिक्स खातात का पितात, मले काय माहीत!

मशीन चालू केली. जिनिंगच्या वानखडे काकानं नाव अन् पासवर्ड लिहून देला होता. नाव टाकलं, ते उमटलं. पासवर्ड टाकाले गेलो, तर एक अक्षर दिसेना. माहा दोस्त रफीक टीव्ही दुरुस्त करते. तो म्हणे, "सरजी, कीबोर्ड गया." दुसरा लावला, तेच. यवतमाळवरून तिसरा आणला, तरी तेच. काही उमटलंच नाही तर एंटर कायले दाबाचं?

शेवटी भंगारवाल्याले बोलावलं. तो तराजू काढून राह्यला, तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, पासवर्ड देणाऱ्या वानखडे काकाले तर विचारा!"

काका जिनिंगचे ऑपरेटर, आता शेती करतात. फोन लावला तर वावरात.

"काका, पासवर्ड टाकून राह्यलो, पण काहीच दिसत नाही!"

"दिसतच नसते, बाप्पा. पुरा टाक अन् एंटर दाब. सरकी मातीत टोबल्यावर उगवली का म्हणून माती उकरून पाह्यते काय कोणी?"

पोरायले जन्मभर 'न पाहता टाईप करा' शिकवणारा मी, डोळे मिटून टाईप केलं. एंटर दाबलं. मशीननं आत घेतलं! भंगारवालाच टाळ्या वाजवाले लागला.

"काका, उगवलं!"

"मंग लाग आता निंदणाले," म्हणे, अन् फोन ठेवला.