लाल ठोकळा

हसू नका बे, तो फॉर्म आठवला की मले आजही लाज वाटते. बालरोगाचं शिकून राहिलो होतो. मुलांची वाढ आणि वागणूक तपासायच्या ओपीडीत पहिलाच आठवडा. कामठीची एक माय तीन वर्षांच्या पोरीले घेऊन आली. मी लाकडी ठोकळे मांडले. "बेटा, एकावर एक ठेव." पोरगी ढिम्म. बाहुली दिली, तं हात पाठीमागे. चित्रं दाखवली, तं तोंड बंद. आमच्या सिनियर डॉक्टर मॅडम मागे उभ्या राहून पाहत होत्या. मी फॉर्मवर 'जमत नाही' लिहीत गेलो, तशी मायच्या डोळ्यात पाणी.

"घरी तं दिवसभर बडबडते जी."

"सगळे असंच म्हणतात," मी म्हटलं.

तेव्हा मॅडमनी तिला विचारलं, "येताना पोरीला काय सांगितलं होतं?"

माय घाबरली. "हेच, का मी म्हणीन तोवर डॉक्टरच्या वस्तूले हात लावायचा नाही, न् तोंड उघडायचं नाही. चुकलं काय जी?"

"आता म्हणा."

"कर वं बाई."

"मम्मी, लाल वरती ठेवू?"

मॅडमनी माझा पेन पुढे केला. "लिही. मुलीचं बोलणं वयाप्रमाणे. डॉक्टरांचे कान तपासून घ्यावेत."