प्रज्ञाच्या पाण्यातला क्षार

तुम्हाला सांगते, गेल्या महिन्यात मी विरजण मागायला गेले आणि शेजारच्या प्रज्ञाचं लग्न सहा महिने पुढे ढकलून आले.

प्रज्ञा पीएचडी करते. भिंतीला लावायच्या पांढऱ्या रंगात जी पावडर असते, ती पाण्यात टाकून तिच्यावर ऊन पडलं की पाणी फुटतं आणि त्यातून जळणाचा गॅस निघतो म्हणे. हे सगळं ती कॉम्प्युटरवरच करून बघते. त्या दिवशी तिची सरांबरोबर ऑनलाइन मीटिंग होती. सर एकदा हो म्हणाले की प्रबंध जमा करायचा, आणि मग लग्नाची तारीख काढायची.

मी वाटी घेऊन तिच्या मागे उभी राहिले. पडद्यावर लाल-पांढरे गोळे हलत होते. मला काही राहवलं नाही.

"प्रज्ञा, हे पाणी कुठलं गं? आपल्या बोअरचं घेतलंस तर आठ दिवसांत पावडरीवर क्षाराचं पुट चढंल. माझा गिझर बघ की."

सर म्हणाले, "कोण बोलतंय?"

"शेजारच्या काकू आहेत. सॉरी, सर."

"बरोबर बोलतायत त्या. तुम्ही शुद्धच पाणी धरलंय. क्षाराचं पाणी धरून गणित पुन्हा करा. सहा महिने घ्या."

प्रज्ञाच्या आईने कपाळावर हात मारला. "ताई, कार्यालय बघून ठेवलं व्हतं वो."

आता मीटिंग असली की प्रज्ञा सकाळीच माझ्या दारात येते. "काकू, ओझरला दर्शनाला जाता का? रिक्षा सांगितलीय मी."

या महिन्यात माझी चार दर्शनं झाली.