बाभळीची पाचर आणि नऊ वर्षांचं कुलूप

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माणूस चुकतो — चुकू दे, देवानं घडवतानाच तशी सोय केलीय! पण चूक आपली आणि नाव दुसऱ्याचं, हे किती वर्षं चालवायचं? अं? खांबापाशी बसलेले दादा आत्ताच मान खाली घालतायत! दादा, गोष्ट तर सुरू होऊ द्या!

तर माणदेशात कारंडमळा नावाचं गाव. तिथं नारबा आणि बयाजी असे दोन जिवलग. एका ताटात जेवणारे! दोघांनी मिळून एक जुना चेनचा ट्रॅक्टर घेतलेला. टायर नाहीत बरं का! लोखंडी पट्ट्यांवर खडखडत चालायचा, पुढं माती ढकलायला हे एवढं पातं. त्या मशीननं दोघांनी गावाच्या तळ्याचा बांध घातला. अख्ख्या गावाच्या विहिरी त्या तळ्याच्या जिवावर.

आता थोडं मशीनचं ज्ञान घ्या. हसू नका, पेटीवाले! इंजिनाचं एक जड चाक असतं, त्याला चिकटून क्लचची प्लेट फिरते. पॅडल दाबलं की दोघं सुटी होतात, मशीन थांबतं. पॅडल सोडलं की पुन्हा धरतात, मशीन चालतं. सोपं आहे! पण मशीन महिनोन्महिने उभं राहिलं आणि ओल लागली, की प्लेट गंजून चाकाला धरून बसते. मग कितीही पॅडल दाबा, सोडतच नाही! म्हणून या दोघांची रीत होती — पावसाळ्याआधी मशीन उभं करताना पॅडल दाबायचं आणि ते वर येऊ नये म्हणून बाभळीची पाचर ठोकायची. आणि पाचर कुणी घालायची? जो शेवटी चालवील, त्यानं!

बांध पुरा झाला. नारळ फोडायचा होता. सरपंचांनी सहज हाक मारली, "बयाजी, या, फोडा." झालं! नारबाच्या डोक्यात सणक गेली. का हो? नारळ एक, हात दोन! दोघांनी धरून फोडला असता तर काय खोबरं कडू झालं असतं? पण नाही! नारबा तडक मशीनवर चढला, धडधडत आपल्या घराशेजारच्या शेडात नेलं, दाराला कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेला लावली. त्या दिवसापासून बोलणं बंद!

दोन वर्षांनी शेड उघडून बघतो तर क्लच जाम. गावभर सांगत सुटला, "बयाजीनं पाचर घातली न्हाई! बयाजीनं माझं मशीन मारलं!" आणि मंडळी, लबाडी नव्हती हो त्यात. सांगून सांगून त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं. हे फार वाईट. खोटं बोलणारा निदान मनात तरी खरं जाणून असतो.

नऊ वर्षं गेली. यंदा उन्हाळ्यात बांधाला भगदाड पडलं. मृगाला बारा दिवस उरलेले. बाहेरचं मशीन महिनाभर मिळायचं नाही. गाव नारबाच्या दारात आलं. "भगदाड बुजलं न्हाई तर तळ्यात थेंब ठरायचा न्हाई. नारबा, मशीन काढ!" नारबा छातीवर हात मारून म्हणाला, "काढतो!"

काढलं की! गियर टाकून तसंच सुरू केलं. म्हणे, एक दणका बसला की प्लेट सुटेल. मशीन निघालं! नारबा पॅडलवर उभा राहतोय, "थांब, थांब!" ते कसलं थांबतंय? उकिरडा ओलांडला, धुण्याची दोरी तोडली आणि सुनेचं नवं लुगडं पात्यावर मिरवत आडव्या भिंतीला जाऊन भिडलं! डिझेल तोडलं तेव्हा कुठं थांबलं.

सून कुसुम धावत आली. लुगड्याकडं बघितलं नाही तिनं. सासऱ्याला पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "मामंजी, एक विचारू? त्या दिवशी बांधावरनं मशीन शेडात कुणी आणलं हुतं?"

नारबानं तांब्या खाली ठेवला.

मंडळी, एवढा साधा प्रश्न! नऊ वर्षांत गावात कुणी विचारला नव्हता. नारबानं स्वतःलाही विचारला नव्हता. लाज वाटली. पायात वहाण घालायचंही भान राहिलं नाही, उठला आणि बयाजीच्या वस्तीवर गेला.

बयाजी अंगणात दोर वळत बसलेला. केस पार पिकलेले. नारबा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "बयाजी, शेवटी मशीन मी चालवलं हुतं. पाचर माझी ऱ्हायली."

बयाजीनं पीळ सोडला नाही. "मला ठावं हाय."

"ठावं हाय? मग नऊ वर्षं शिव्या का खाल्ल्यास?"

बयाजी उठला. आत गेला, कोनाड्यातनं काहीतरी घेऊन आला आणि नारबाच्या हातावर ठेवलं. बाभळीची पाचर! धुरानं काळी पडलेली.

"दुसऱ्याच दिवशी आलो हुतो घालायला. म्हटलं, रागाच्या भरात इसरला असंल गडी. तर शेडाला कुलूप."

नारबा ती पाचर छातीशी धरून लहान लेकरासारखा रडला.

मग दोघं निघाले. आता बघा, चिकटलेली प्लेट कशी सुटते! इंजिन तापवलं, बंद केलं. क्लचचं झाकण काढून आत डिझेल सोडलं. नारबानं पॅडल दाबलं, बयाजीनं पाचर ठोकली — नऊ वर्षं उशिरा! गियर टाकला, ब्रेक आवळले. इंजिनाच्या त्या जड चाकाला कडेनं दाते असतात, बयाजीनं त्यात पहार घातली. जरा पुढं, जरा मागं. जोर नाही, घाई नाही. मग मुरू द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. नारबा चिडायला लागला की बयाजी म्हणायचा, "नऊ वर्षांचं हाय बाबा, जरा दमानं घे." चौथ्या दिवशी आतनं 'टक' असा बारीक आवाज आला आणि चाक मोकळं फिरलं.

मृगाच्या आदल्या दिवशी बांधाचं भगदाड बुजलं. नारळ कुणी फोडला म्हणता? मला विचारू नका, मी खोबरं खाण्यात गुंग होतो!

पण मंडळी, एक सांगतो. तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या मनात एक माणूस आहे, ज्याच्या नावानं आपण वर्षानुवर्षं बोटं मोडतो. "त्यानं केलं! तिनं केलं!" आज घरी जाल, अंथरुणाला पाठ टेकाल, तेव्हा कुसुमचा प्रश्न स्वतःला विचारा. शेवटी मशीन चालवलं कुणी? आणि उत्तर आपलंच निघालं, तर हेही लक्षात ठेवा — तो माणूस दुसऱ्याच दिवशी तुमच्या दारी येऊन गेला असेल. हातात पाचर घेऊन. कुलूप बघून परत गेला असेल.

किल्ली तुमच्याच कमरेला आहे, बाबांनो. चाचपून बघा. आणि मग मोकळ्या गळ्यानं विठ्ठलाचं नाव घ्या!