बांधावर बसलेला माणूस

आमचा तो लढाईचा खेळ तुम्ही बघितलाय ना? टेबलावर चटई अंथरायची, बोटाएवढे सैनिक मांडायचे आणि फासे टाकून लढायचं. चटया मी पेणला घरीच बनवतो. जाड कापडावर फटी बुजवायचं सीलंट आणि वाळू यांचा थर द्यायचा, मातीचा रंग मारायचा, वर हिरवा भुसा चिकटवायचा.

परवा अशीच एक चटई वाळत होती आणि दादाचा व्हिडिओ कॉल आला. दादा मस्कतला कंपनीत आहे, कित्येक वर्षं त्याला घरी यायला जमलेलं नाही. फोन फिरवून चटई दाखवली तर तो स्क्रीनजवळ सरकून बघायला लागला. मग म्हणाला, "अरे, हे तर आपलं खांब गावचं शेत!"

"कायतरीच काय! परदेशातलं रणांगण हाय ते."

"नाय रे. तो वाकडा बांध बघ. आपलाच हाय."

बघितलं तर खरंच. रस्ता रुंद झाला तेव्हा ते शेत गेलं, पण माझ्या हाताला अजून पाठ होतं.

दादा हळूच म्हणाला, "त्या बांधावर एक माणूस बसव ना. नुसता बसलेला."

आमच्या सगळ्या सैनिकांच्या हातात बंदुका. मग शाडूचाच एक चिमुकला माणूस केला, पाय सोडून बसलेला, आणि बांधावर चिकटवला.

रविवारी रोह्याचा मित्र खेळायला आला. सैन्य मांडता मांडता त्याने विचारलं, "हा कोणाच्या बाजूचा रे?"

म्हटलं, "कोणाच्याच नाय. त्याला धक्का लावू नको, सुट्टीवर आलाय."