खिडक्या उघडणारा जावई

नाही, मला एक सांगा... 'यशस्वी प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय? मग नाही म्हणायला शिका!' असं कोर्समध्ये सांगतात. कुणाला? कुणाला म्हणायचं नाही? सासूला?? अहो, आमच्या सर्बियात, नोवी सादमध्ये, सासूला नाही म्हणणारा जावई अजून जन्माला यायचाय, आणि आला असलाच तर तो केव्हाच परदेशात पळाला असणार!

तुम्हाला सांगतो, मी ओग्न्येन, चांगला प्रोग्रामर होतो. कानाला हेडफोन, तोंडाला कुलूप, संध्याकाळी घरी. सुखात होतो हो! एक दिवस आमच्या डायरेक्टर झोरित्साबाई म्हणाल्या, "ओग्न्येन, सोमवारपासून तू प्रॉडक्ट मॅनेजर." म्हटलं, म्हणजे करायचं काय? "आपली वस्तू कशी असावी ते तू ठरवायचं." मग सगळे माझं ऐकणार? "छे, छे! तुझं कुणीच ऐकणार नाही. पण वस्तू चालली नाही तर दोष तुझा." मी हादरलोच! अहो, ही नोकरी म्हणायची की लग्न?

मग कोर्सला घातलं. गिऱ्हाइकाचं ऐका. आकडे दाखवा. हाताखाली कुणी नसताना लोकांकडून कामं करून घ्या. मी मान डोलावत सगळं लिहून घेतलं. पण पुढे जे झालं ना... ते कोर्समध्ये नव्हतं!

आमची वस्तू म्हणजे खिडकीला लावायचं एक यंत्र. घरातली हवा कोंदट झाली की खिडकी आपोआप उघडणार. आणि एकच नाही, समोरासमोरच्या दोन्ही! म्हणजे हवा कशी, या खिडकीतून आत, त्या खिडकीतून बाहेर, आरपार... बघा, बघा, तुम्ही आत्ता मान चोळलीत! तुम्हाला कळलं! आम्हाला नाही कळलं हो! सगळे इथलेच, लहानपणापासून राक्षसाला भ्यालो नाही, मास्तरला भ्यालो नाही, भ्यालो ते आरपार वाऱ्याला! आमच्या भाषेत, प्रोमाया! त्यानं मान धरते, कान जातो, कंबर गारठते, शेजारणीच्या आतेभावाचं तर म्हणे तोंडच वाकडं झालं होतं! आणि तुम्हाला सांगतो, मी फळ्यावर 'आरपार हवा' असं लिहीत असताना आमचा वुकाशिन, म्हणजे यंत्राचा प्रोग्राम लिहिणारा, कुरकुरला, "अरे, दार उघडंय, ती खिडकी लाव ना, मान धरेल माझी!" मी गेलो. खिडकी लावली. परत आलो आणि विचारलं, मग आरपार हवा सगळ्यांना मंजूर? एकमतानं मंजूर!!

आता चाचणीला अख्खी इमारत हवी. कोण देणार? सासूबाई! रादोयकाबाई म्हणजे आमच्या इमारतीच्या रहिवासी मंडळाच्या अध्यक्ष. आम्ही त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहतो. "जावईबापूंचं यंत्र आहे ना? लावा!" म्हणाल्या. इकडे झोरित्साबाईंनी दम भरला, "रहिवाशांनी यंत्रं काढायला लावली, तर टीम बंद आणि तू घरी." घरी! म्हणजे सासूबाईंच्या डोक्यावर, दिवसभर!

रविवारी यंत्रं सुरू केली. रविवारी हो! कुठल्या शहाण्यानं वार निवडला? मीच! रविवारी घरोघरी कोबीच्या पानातला सरमा रटरटतोय, हवा कोंदटणार नाही तर काय होणार? आणि मग... धाड! धाड! धाड! तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्या खिडक्या एकदम उघड्या! पडदे रस्त्यावर लोंबतायत, म्हातारे टोप्या शोधतायत, बायका पोरांना पोटाशी धरून जिन्यात पळतायत. तेवढ्यात फोन. "जावईबापू! मारलंत हो मला!"

धावत खाली गेलो. सासूबाई खुर्चीत, मानेला लोकरीची शाल, शालीखाली राकियात भिजवलेलं फडकं, सगळ्या घराला दारूचा वास. म्हटलं, थांब, ओग्न्येन, घाबरू नकोस, कोर्स आठव. गिऱ्हाइकाचं ऐका. ऐकलं! कॉफी झाली, दुसरी झाली, मी ऐकतोय. मानेपासून सुरुवात झाली ती माझ्या लग्नात मी भर वाऱ्यात कोट कसा काढून ठेवला होता तिथपर्यंत! मग आकडे दाखवले. "हे बघा, हवा केवढी शुद्ध झाली!" त्यांनी चष्मा लावून मोबाइल बघितला. "बरं झालं. म्हणजे मी शुद्ध हवेत मरणार." आता यावर काय बोलणार तुम्ही? सांगा ना! हे कोर्समध्ये नव्हतं!

वुकाशिनकडे गेलो. म्हटलं, बाबा रे, उद्या रहिवाशांची बैठक आहे, तोवर हे बदल. "दोन आठवडे लागतील." अरे, माझी नोकरी जाईल! "अरेरे." तुझीही जाईल! "मला दुसरीकडे बोलावतायत." मग म्हटलं, बरं, तुझ्या आईच्या घरी बसवू का हे यंत्र? पांढराफटक पडला हो! "माझ्या आईला यात ओढू नकोस!" पण बोट हलवेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी खाली, टपालपेट्यांपाशी बैठक. सगळे मफलर गुंडाळून. झोरित्साबाई जातीनं हजर, वुकाशिन कोपऱ्यात. मी उभा राहिलो. आता किंवा कधीच नाही! म्हटलं, "मंडळी, आरपार वाऱ्यानं कुणी आजारी पडत नाही. हा निव्वळ भ्रम आहे. शास्त्र सांगतं..." आणि तेवढ्यात कुणीतरी अंगणाचं दार उघडलं. पुढचं दार उघडंच होतं. मानेवर एक गार झुळूक... आणि तुम्हाला सांगतो, मी, मी स्वतः, शास्त्रासकट ओरडलो, "अहो, ते दार लावा! मान धरेल!!"

सगळे मफलर माझ्याकडे वळले. असे चेहरे मी सासऱ्यांच्या अंत्यविधीलाही पाहिले नव्हते! झोरित्साबाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलो.

आणि सासूबाई उठल्या. "बघा, माणसाला कळतं. मग यंत्राला का कळू नये? एक खिडकी उघडी दिसली की त्यानं समोरची लावून टाकावी. असलं यंत्र असेल तर मी माझ्या बहिणींकडेही लावीन." टाळ्या! अहो, शिट्ट्या! आणि कोपऱ्यातून वुकाशिन म्हणतो कसा, "करतो, मावशी. संध्याकाळपर्यंत होईल."

संध्याकाळपर्यंत!! मला दोन आठवडे सांगणारा! ना कोर्स, ना फळा, ना आकडे, ना अधिकार, बाई नुसती शाल सावरून उभी राहिली आणि काम झालं! मी तोंडाचा आ वासून बघतोय. हे... हे कुठल्याच कोर्समध्ये नव्हतं!

यंत्र धडाक्यात खपतंय. खिडक्या उघडायला निघालो होतो, आता गावभर खिडक्या लावत सुटलोय. नोकरी वाचली हो, वाचली! फक्त झोरित्साबाईंनी त्याच रात्री विचारलं, "त्या बाई सध्या कुठे नोकरी करतात का?"

आता घरी खालच्या मजल्यावर सासू, ऑफिसात वरच्या मजल्यावर सासू. सोमवारी सगळ्या टीमसमोर मी कामाचा आढावा देतो. त्या शांतपणे ऐकतात, चष्मा काढतात आणि विचारतात, "ते राहू द्या, जावईबापू. आतून बनियन घातलंय ना? कंबर गारठेल."

घालतो हो... साहेबच आहेत त्या माझ्या.