खडूच्या रेघेपुढे

(हिमनदी किती सरकते ते मोजायला तिच्याखालच्या खडकात खोदलेलं भुयार. बर्फ सरकून दार दाबलं गेलंय. वहिनी आत अडकलीय. दीर वर बर्फावर, भोक पाडायच्या यंत्रापाशी. मधे टेलिफोनची तार.)

वहिनी : आधी ओरडणं थांबवा, भाऊजी. कान गेला माझा.

भाऊजी : मग काय अंगाई म्हणू? दार हलतंय का?

वहिनी : तसूभरही नाही. बर्फ त्याच्यावर रेलून बसलाय.

भाऊजी : घाबरू नका. सकाळपासून गरम पाण्याचा फवारा लावलाय. बर्फातून सरळ तुमच्या डोक्यापर्यंत भोक पाडतो.

वहिनी : सकाळपासून?

भाऊजी : हातावर हात ठेवून बसणारा वाटलो का मी?

वहिनी : आणि ते पाणी जातंय कुठे?

भाऊजी : खाली. आणखी कुठे जाणार?

वहिनी : खाली मी आहे, भाऊजी.

भाऊजी : म्हणजे?

वहिनी : इथे खडकावर खडूची रेघ आहे, शेजारच्या बर्फात खिळा. सकाळी खिळा रेघेवर होता. आता वीतभर पुढे गेलाय. मला वाटलं, उन्हाने वितळून पाणी वाढलं.

भाऊजी : पाण्याचा काय संबंध?

वहिनी : ओल्या ओट्यावर पातेलं आपसूक सरकतं ना, तसंच. बर्फाखाली पाणी कोंडलं की बर्फ उचलला जातो. खडकाची पकड सुटते, घसरतो. आणि घसरून दारावरच येतो.

भाऊजी : अरे देवा! करायला गेलो एक आणि झालं भलतंच. म्हणजे मीच तुम्हाला...

वहिनी : यंत्र बंद करा.

भाऊजी : आणि मग?

वहिनी : मग काही नाही. पाणी आपली वाट कोरेल. निचरा झाला की बर्फ खाली बसेल, थांबेल. तेव्हा दाराशी खणता येईल.

भाऊजी : आणि वाट नाही मिळाली तर?

वहिनी : मला फार भीती वाटतेय, भाऊजी. बंद करा ना.

भाऊजी : ...केलं. दादाला काय सांगू?

वहिनी : सांगा, बायको पहिल्यांदाच एका जागी बसलीय.

भाऊजी : थट्टा नका करू. आता मी काय करू?

वहिनी : बसा.

भाऊजी : बसवत नाही हो. तुम्ही खाली, आणि मी नुसता बसू?

वहिनी : मी तरी काय करतेय? खिळ्याकडे बघतेय.

भाऊजी : सरकतोय?

वहिनी : सरकतोय.

भाऊजी : मघासारखाच?

वहिनी : कळत नाही. बोलत राहा. फोन ठेवू नका.

भाऊजी : नाही ठेवत. वहिनी, माझ्या हाताने झालं हे. तुम्हाला काही झालं तर मी घरी कुठल्या तोंडाने...

वहिनी : भाऊजी, रडणं थांबवा जरा.

भाऊजी : का? काय झालं?

वहिनी : ऐकू द्या मला. पायाखालून पाणी वाहून जातंय बहुतेक.