होय म्हणणारा चकवा

ऐका. जवळ सरकून बसा.

कांदळवनामागचं खाजण, ती खाऱ्या पाण्याची दलदल, माहीत आहे ना? ओहोटीला तिथून पायवाट उघडी पडते. त्याच वाटेने रावजी तांडेल निघाले. पलीकडच्या गावात बारसं होतं, ते आटपून घरी निघेपर्यंत काळोख पडलेला. बरोबर लेक शेवंता, जावई बाबल आणि शेजारचा तुकू.

रावजी म्हणजे केवढा माणूस! जाळं कुठे टाकायचं ते सगळा गाव त्यांना विचारायचा. त्यांना ‘नाही’ म्हणायची कुणाची छाती नव्हती हो.

निम्म्या वाटेवर रावजी थांबले. “तो बघा दिवा! आला आपला धक्का.” आणि वळले. मागचेही वळले.

शेवंता म्हणाली, “आबा, धक्का तर डाव्या अंगाला राहिला.”

रावजींनी पुढे बघतच विचारलं, “काय रे पोरांनो, दिवा आहे ना?”

मागून बाबलचा आवाज, “होय.” तुकूचा आवाज, “होय आबा, दिसतोय की!”

शेवंताला वाटलं, सगळ्यांना दिसतोय, तर माझेच डोळे फसत असतील!

चालले. चिखल घोट्याला लागला. मग गुडघ्याला. दिवा पुढे, आणखी पुढे. पाणी चढायला लागलं, तरी चालले!

“बरोबर चाललोय ना?” रावजींनी पुन्हा विचारलं.

“होय! होय! होय!”

अरे, मागे माणसं तीन, आणि होयही तीन! त्यात एक आवाज शेवंताचा. आणि तिचं तर तोंड मिटलेलं!

तिने बाबलचं मनगट धरलं. “अहो, तुम्ही होय म्हणालात?”

“नाही गं! मला दिवा दिसतच नाही. तुकू होय म्हणाला, म्हणून मी आपला चालत राहिलो...”

तुकू रडायलाच लागला. “मी कुठे बोललो? मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना दिसतोय!”

हे बोलणं झालं मात्र, रावजींना दिसणारा तो चकव्याचा दिवा विझला. फट्‌कन! नुसता काळोख, आणि भरतीचं पाणी कमरेला. पुढे रावजी छातीपर्यंत रुतलेले.

बाबलने उपरणं फेकलं. रावजींनी धरलं. तिघं ओढतायत, आणि तिघंही आत सरकतायत.

“मागे फिरा,” रावजी म्हणाले. “ऐका माझं.”

जन्मात पहिल्यांदा त्यांचं कुणी ऐकलं नाही. ओढतच राहिले. मग रावजींनीच हात सोडला.

कांदळाची मुळं धरधरून तिघं काठाला लागली. रावजी मिळाले नाहीत. उपरणं तेवढं राहिलं.

बाबल पुढे पुष्कळ जगला. जेवता जेवता थांबायचा. “मला दिसत नाही, एवढंच सांगायचं होतं गं,” म्हणायचा. शेवंता त्याच्या पाठीवरून हात फिरवायची.

तेव्हापासून आपल्याकडे होडी सोडण्याआधी प्रत्येकाला वेगवेगळं विचारतात. वडीलधारा सगळ्यांत शेवटी बोलतो. पोरासोरानेही ‘नको वाटतं’ म्हटलं, तर होडी थांबते. कुणी त्याला हसत नाही. हे शेवंताने बसवून दिलं, पदर डोळ्यांना लावून.

आणि त्या खाजणाच्या वाटेला जाऊ नका रे बाळांनो. अख्खा गाव चला म्हणाला तरी नका जाऊ.